शेवटची चावीवाली

ओनोरिनाच्या नाकावर राग असायचा हे सगळं वाल्देसाबिना गाव सांगेल, पण त्या शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा ती खुशीत होती. मुलगी बेगोन्या आदल्या दिवशी सारागोसाहून आली होती आणि वरच्या खोलीत अजून झोपली होती. परसातल्या टोमॅटोला या वर्षी कीड नव्हती. एकाहत्तराव्या वर्षी बाईने याहून जास्त मागू नये, मागितलं तर देवही कंटाळतो, असं तिचं मत.

फोन वालेन्सियाहून आलेल्या एका जोडप्याचा होता. दोघं चौकातल्या कारंज्यापाशी उभी होती. तिथल्या पाटीवर ओनोरिनाचा नंबर आहे: संत पेलायोचं चर्च बघायचं असेल तर इथे फोन करा, दोन ते पाच करू नका. ते 'दोन ते पाच करू नका' तिने नंतर स्वतः रंगवलं, कारण माणसं करायची. दुसऱ्यालाही दुपारी झोप येते हे शहरातल्यांच्या डोक्यात शिरत नाही.

तिने एप्रन झटकला आणि खिशात चावी चाचपली. वीतभर लांब, लोखंडी, एखाद्या कुत्र्याला मारली तर कुत्रं आडवं होईल अशी. चाळीस वर्षांपूर्वी सासू गेली तेव्हा गावसभेने हात वर करून ती सुनेच्या हवाली केली होती. आमची गावं इतकी लहान की निवडून दिलेलं मंडळबिंडळ काही नसतं. एक सरपंच असतो, पण मोठी गोष्ट असली की गावकचेरीची घंटा वाजते, सगळे कचेरीच्या ओसरीत जमतात आणि जे ठरेल ते तिथेच ठरतं. चावी या गावसभेची. पाद्र्याची नाही, सरपंचाची नाही, आणि ओनोरिनाचीही नाही, फक्त हे शेवटचं तिला तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

जोडपं बरं निघालं. नवरा निवृत्त मास्तर, बाई गुडघ्याला पट्टा बांधून आलेली, पण चढायची हौस मोठी. ओनोरिनाने त्यांना खालच्या खळ्यांवरून नेलं, मग बर्फाच्या विहिरीपाशी. जुन्या काळी गावकरी हिवाळ्यात बर्फ दाबून या खड्ड्यात भरायचे, वर पेंढा टाकायचे आणि ऑगस्टमध्ये खेचरांवर लादून शहरात विकायला न्यायचे. तिच्या आजोबांनी नेलेला बर्फ एकदा वाटेतच वितळला आणि ते ओल्या पोत्यांसह परत आले, ही गोष्ट ती प्रत्येकाला सांगायची. आजोबांचं नाव घेऊन सांगायची, लाज न बाळगता.

विहिरीशेजारी एक नवा फलक उभा होता, निळ्या कापडात गुंडाळलेला. बाईने हे काय म्हणून विचारलं.

"दुपारी बाराला उद्घाटन आहे," ओनोरिना म्हणाली. "आमच्या सरपंचाने पाहुण्यांसाठी फलक लावून वाट आखलीय. 'दगडांची कुजबुज' नाव ठेवलंय. चाळीस वर्षं मी या दगडांशी बोलतेय, अजून एकाने उत्तर दिलेलं नाही. पण सरपंचाशी बोलत असतील. सारखे सारख्याशी बोलतात."

सरपंच म्हणजे सातुरिओ, तिच्या नवऱ्याच्या भावाचा मुलगा. तिच्या मांडीवर वाढलेला. वसंतात तो शहरातल्या कुठल्याशा कंपनीचा माणूस घेऊन घरी आला होता. फोनवर पैसे भरले की नंबर येतो, नंबर दाबला की दार उघडतं, असं कुलूप चर्चला लावायचं म्हणाला. ओनोरिनाने तेव्हाच सुरी टेबलावर आपटली होती. पण सातुरिओने हात धरला, म्हणाला, काकू, हे नुसतं जोडीला आहे हो, तुम्हाला उन्हातान्हात चढावं लागू नये म्हणून, चावी तुमच्याकडेच राहणार. आपल्याच घरचं पोर. तिने विश्वास ठेवला आणि वर त्याला बदामाची वडीही दिली.

पुढे नदीवरचा पूल. तिथल्या फलकाचं कापड वाऱ्याने सुटून एका बाजूला लोंबत होतं. मास्तरांनी चष्मा लावून वाचलं: रोमन पूल, पहिलं शतक. आणि मोठ्या आदराने कठड्यावरून हात फिरवला.

ओनोरिनाला हसावं की रडावं कळेना. हा पूल पुरानंतर बांधला एकोणीसशे अकरा साली. मेंढपाळ एलादिओच्या आजोबांनी त्याचे दगड वाहिले आणि त्यात त्यांचं एक बोट गेलं, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. तिने हे मास्तरांना सांगितलं तर ते जरा हिरमुसले. तिथून वाट घळीत शिरते. दोन्ही बाजूंना लाल कडे, खाली ऑगस्टातली बारीक झालेली नदी, कपारींत वाकडीतिकडी वाढलेली जुनी साबिनाची झाडं, आणि कड्याच्या खाचांमध्ये गिधाडं. चांगली शंभरेक असतील. ऊन तापलं की एकेक करून पंख पसरतात आणि एकदाही न फडफडवता वर वर जातात. ते बघायला ओनोरिनाही थांबायची. इथला फलक तिने आता मुद्दाम कापड वर करून पाहिला. त्यावर लिहिलं होतं 'गरुडांची दरी', आणि खाली एक भलामोठा गरुड छापला होता, कुठल्या तरी परदेशातला.

"गिधाडाने यांचं काय खाल्लं होतं?" ती म्हणाली. "मेलेलं जनावर निमूट साफ करतं बिचारं, पण फोटोत बरं दिसत नाही ना."

तिचं डोकं तिथूनच तापायला लागलं होतं. तरी वर पोचेपर्यंत ती स्वतःला बजावत राहिली की जाऊ दे, पाट्याच आहेत, पहिल्या हिवाळ्यात उडतील.

संत पेलायोचं चर्च बाहेरून काहीच नाही. गोठ्याएवढं, दगडी, एक दार, एक झरोका. दारावर चावीच्या भोकाच्या वरच्या बाजूला आता एक काळी चकचकीत पेटी बसवली होती. ओनोरिनाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडण्याआधी तिने नेहमीसारखं बोट ओलं करून वारा बघितला. उत्तरेचा, कोरडा. चालेल. समुद्राकडचा दमट वारा असला की ती दार उघडायची नाही, मग बाहेर राजा का उभा असेना. एका वेळी दहा माणसं, तीही दहा मिनिटं, त्याहून नाही. हे तिला सत्त्याऐंशी साली भिंतींवरची चित्रं दुरुस्त करायला आलेल्या एका बाईने शिकवलं होतं. ती बाई आठ महिने ओनोरिनाच्या घरी जेवली आणि जाताना एवढंच म्हणाली की रंगाला पाऊस मारत नाही, माणसाचा श्वास मारतो.

आत गेल्यावर ती दार ओढून घ्यायची आणि लोकांना डोळे सरावेपर्यंत अंधारात उभं करायची. मग झरोक्याची फळी काढायची. त्या उजेडात भिंतीवर मासे दिसायचे. निळ्या पाण्यात ओळीने मासे, आणि प्रत्येक माशाला भुवया. आठशे वर्षांपूर्वी ज्याने ते काढले त्याने समुद्र बघितला नव्हता, मासाही बहुतेक ताटातलाच बघितला असावा. वर एक लांडगा मेंढीचे केस कापतोय आणि मेंढी खुशाल मान पुढे करतेय. वालेन्सियाच्या बाईने तोंडावर हात ठेवला, मग हळूहळू एकेका माशापुढे सरकत गेली. ओनोरिनाला अशी माणसं आवडायची. जी आत शिरताच फोन वर करतात ती तिला आवडायची नाहीत, त्यांना ती दहाची सात मिनिटं द्यायची.

बाहेर आल्यावर तिने दार लावलं, दोनदा चावी फिरवली. बाई तोवर भिंतीला लागून असलेल्या शेवटच्या फलकाचं कापड वर करून वाचत होती. तिचा चेहरा उजळला.

"अहो, हा तुमचाच फोटो आहे की," ती म्हणाली. "किती छान. 'ओनोरिना, वाल्देसाबिनाची शेवटची चावीवाली. चाळीस वर्षं तिने हे दार उघडलं. आज ते सर्वांसाठी उघडं आहे.'"

ओनोरिना जवळ गेली. फोटोत ती स्वयंपाकघरात बदाम फोडत बसली होती आणि हसत होती. गेल्या नाताळातला फोटो. तिने ते वाक्य स्वतः वाचलं, मग परत वाचलं, आणि 'शेवटची' या शब्दावर बोट ठेवून उभी राहिली. मेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं लिहिलं होतं. उघडलं म्हणे. अजून चावी हातात गरम होती आणि यांनी तिचा भूतकाळ करून टाकला होता.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती कशी जाते हे तिला त्या दिवशी कळलं. तिने जोडप्याला वाट दाखवली, सांभाळून उतरा म्हणाली, आणि स्वतः शेळ्यांच्या पायवाटेने सरळ खाली सुटली. जानेवारीत याच डोंगरावर ती बर्फात पडली होती, त्यानंतर या वाटेने जायचं नाही असं तिने ठरवलं होतं. ते तिला आठवलंही नाही.

चौकात खुर्च्या मांडल्या जात होत्या. प्रांताच्या मुख्य गावाहून कुणी साहेब फीत कापायला येणार होते. सातुरिओ पांढरा शर्ट घालून माईक बघत होता. ओनोरिनाला येताना पाहूनच त्याने माईक बंद केला, एवढी अक्कल त्याला होती.

"सातुरिओ, मी मेले कधी?" तिने विचारलं.

तो म्हणाला, काकू, आत चला, आत बोलू. ती म्हणाली, आत काही नाही, तू फलक डोंगरावर लावलायस, मी चौकात बोलते. मग त्याने हळू आवाजात सगळं सांगितलं. कंपनीची अट होती की दाराला एकच व्यवस्था हवी. आज साहेबांच्या समोर तिने चावी द्यायची, फोटो निघणार, टाळ्या, फुलांचा गुच्छही आणून ठेवलाय. चावी नंतर काचेच्या पेटीत कचेरीत ठेवणार, मानाने. आपण तिला आज सकाळी सांगणारच होतो.

"आणि मी नाही दिली तर?"

"काकू, समजून घ्या ना. गेल्या वर्षी तुम्ही अख्खी बस परत पाठवलीत."

"त्रेपन्न माणसं होती आणि दमट वारा होता."

"त्रेपन्न माणसं बारमध्ये जेवली असती. त्यांनी पाव घेतला असता, मध घेतला असता. गावात काय उरलंय, तुम्हीच सांगा. मी काय माझ्या घरी नेतोय का काही?"

हे तो खोटं बोलत नव्हता, आणि त्यानेच ओनोरिनाला जास्त मिरच्या झोंबल्या. चोर असता तर सोपं होतं. तिने त्याला विचारलं की हे सगळं ठीक, पण वसंतात माझ्या टेबलावर बसून खोटं का बोललास. मग तिने विचारलं की फोटो कुठून मिळाला, तर तो माईकच्या वायरी गुंडाळायला लागला.

"चावी गावसभेने दिलीय," ओनोरिना म्हणाली. "गावसभा मागेल तेव्हा देईन. तू कोण मागणारा? आयत्या बिळावर नागोबा."

तीन घरांनी मागितलं की गावसभा भरवावीच लागते, ऊन असो की बर्फ. हा नियम सातुरिओच्या आजोबांच्याही आधीचा. पहिलं घर तिचं. दुसरं एलादिओचं. तो ब्याऐंशी वर्षांचा, जन्मभर मेंढ्या राखलेला. पुलावर रोमन लिहिलंय हे ऐकूनच तो काठी घेऊन उठला. तिसरी बारवाली निएवेस, ती म्हणाली की सभा घ्यायची तर घ्या, लोक बसले की तहान लागते. ओनोरिनाने स्वतःच घंटेची दोरी ओढली. गावसभेचे ठोके वेगळे असतात, तीन सावकाश आणि मग एक. ऑगस्टात ते कुणी कधी ऐकले नव्हते. माणसं दाढीला साबण लावलेली, ओल्या केसांची, हातात ब्रेडचा तुकडा घेऊन ओसरीत आली. साडेअकराला त्रेचाळीस जण जमले.

त्रेचाळीस हा आकडा ऐकून ओनोरिनाला पहिल्यांदा जरा खटकलं. हिवाळ्यात गावात एकोणीस माणसं असतात. त्या एकोणिसांत तिने गावसभा मागितली असती तर कुणी ब्रही काढला नसता. पण आता ओसरीत ऑगस्टातली मंडळी उभी होती. सारागोसात, बार्सेलोनात, वालेन्सियात नोकऱ्या करणारी, तीन आठवडे गावात येऊन 'आमचं गाव' म्हणणारी. आणि त्यांना हात वर करायचा हक्क होता. तो त्यांना कुणी दिला? ओनोरिनाने दिला.

ते असं झालं होतं. दोन वर्षांपूर्वी वरून पत्र आलं की गावाच्या नोंदवहीत पन्नासपेक्षा कमी नावं राहिली तर डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा तो पंधरा दिवसांतून एकदा येईल. त्या डिसेंबरात ओनोरिना रोज संध्याकाळी वही घेऊन फोनपाशी बसली. बाहेर गेलेल्या एकेका पोराला फोन केला. तुझी आई कुठे पुरलीय ते आठव आणि नाव इथे नोंदव, अशा भाषेत. कुणाला लाजवलं, कुणाला शिव्या दिल्या, कुणाला सॉसेज पाठवलं. स्वतःची मुलगी आणि दोन्ही नातवंडं, तिघांची नावं सगळ्यात आधी घातली. आकडा बावन्नवर गेला, डॉक्टर मंगळवार-शुक्रवार येत राहिला, आणि सातुरिओने तिचं जाहीर कौतुक केलं. शहरात राहून गावची कागदी माणसं झालेली ही तेहतीस नावं एक दिवस दोन पायांवर येऊन तिच्यासमोर उभी राहतील, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक गावाने हीच युक्ती केली आहे. डॉक्टर ठेवायचा म्हणून नावं गोळा केली, नावाबरोबर मत येतं हे कुणी लक्षातच घेतलं नाही.

सातुरिओ आधी बोलला. चांगलं बोलला, त्याला ते जमतं. मग ओनोरिना उभी राहिली. तिने दहा माणसांचं, दहा मिनिटांचं, वाऱ्याचं सांगितलं. यंत्राला वारा कळत नाही, म्हणाली. नंबर दाबला की ते दार उघडणार, दमट असो की कोरडं, आत दहा असोत की चाळीस. तुमच्या पोरांना दाखवायला पाच वर्षांनी भुवया उरणार नाहीत. तिला वाटत होतं की हे इतकं उघड आहे की बोलायचीही गरज नाही, आणि म्हणून ती घाईघाईत, चिडून बोलली. चिडून बोललेलं माणसांना बरोबर असलं तरी चुकीचं वाटतं. मागून कुणीतरी म्हणालं की नियम त्या यंत्रातही घालता येतील की. दुसरं कुणीतरी म्हणालं की काकू, तुमचं वय झालं आता, आराम करा. ज्याला तिने स्वतः फोन करून नाव घालायला लावलं होतं, तोच.

कुलूप हवं असणाऱ्यांनी हात वर करा, सातुरिओ म्हणाला.

तो मोजत होता, पण ओनोरिनाचा आता त्याच्या मोजण्यावर विश्वास नव्हता, म्हणून तीही मोजत होती. पुढची रांग. मग खांबापाशी. निएवेसचाही हात वर होता. सभा मागितली म्हणून मत द्यायला पाहिजे असं कुठे आहे, असं काहीसं ती शेजारणीला सांगत होती. सतरा, अठरा. जिन्यावर बसलेली पोरं. चोवीस. आणि जिन्याच्या मागे, भिंतीला टेकून, खाली बघत, एक हात खांद्यापर्यंतच उचललेला. त्या मनगटावरचं घड्याळ ओनोरिनाने स्वतः लेकीच्या चाळिसाव्या वाढदिवसाला घेतलं होतं.

"पंचवीस," सातुरिओ म्हणाला.

ओनोरिनाच्या बाजूने अठरा झाले. एलादिओने दोन्ही हात वर केले होते, त्यातला एक मोजला. ओसरीतून बाहेर पडताना तो ओनोरिनाच्या कानाशी म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. त्याने सातुरिओबद्दल म्हटलं होतं. ओनोरिनाने ते सातुरिओबद्दल ऐकलं नाही.

गावसभेचा निकाल म्हणजे निकाल. ती सासूकडून हेच शिकली होती आणि रागातही तिला दुसरं काही सुचलं नाही. तिने चावी सातुरिओच्या हातात दिली नाही, गुच्छही घेतला नाही. चावी कचेरीच्या टेबलावर ठेवली, आवाज होईल अशी, आणि निघाली. साहेबांची गाडी तेवढ्यात आली होती. टाळ्या झाल्या, माईक खरखरला, आणि मग सगळी वरात डोंगराकडे निघाली. ओनोरिना पुलाच्या कठड्यावर बसून बघत होती. साठेक माणसं असतील. सातुरिओने टेबलावरची चावी नेऊन जुनं कुलूप काढलं, मग कुणीतरी नंबर दाबला, दार उघडलं, आणि तिला लांबूनही दिसलं की दाराशी कुणी थांबलं नाही, कुणी मोजलं नाही, सगळे आत शिरत राहिले. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दार उघडंच.

बेगोन्या पुलावर आली ती धापा टाकत. "आई, घरी चल."

"फोटो तू दिलास."

"हो."

"खाली काय लिहिणार ते ठाऊक होतं?"

बेगोन्याने मान डोलावली. मग तिने बोलायला सुरुवात केली, आणि तिचंही सगळं साठलेलं होतं. जानेवारीत आई बर्फात घसरली, दोन तास वाटेवर पडून राहिली, एलादिओचं कुत्रं भुंकलं नसतं तर तिथेच राहिली असती. आणि मुलीला हे कळलं तीन दिवसांनी, तेही एलादिओकडून. कशासाठी चढली होती ती? कोरडा दिवस आहे, भिंतींना वारा द्यायचा म्हणून.

"भिंतींना, आई. दर वेळी मी म्हणते चल माझ्याकडे, खोली रिकामी आहे, आणि दर वेळी तू म्हणतेस, चावी आहे ना. किती वर्षं ऐकतेय मी हे. म्हटलं जाऊ दे ती चावी एकदाची."

"काल रात्री माझ्यासमोर बसून सूप प्यायलीस. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते. मग भांडायचं होतंस माझ्याशी. चार लोकांत हात वर करण्याआधी स्वयंपाकघरात आईशी भांडायची तरी हिंमत पाहिजे."

बेगोन्याचे डोळे भरले. तिला काय वाटत होतं ते ओनोरिनाला दिसत होतं, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी ती तिथेच थांबली असती. पण वर दार अजून उघडं होतं.

"आता नीट ऐक," ती म्हणाली. "चावी आहे म्हणून येत नाही, हे मी तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचे. मला तुझ्याकडे यायचंच नाही. कधीच यायचं नव्हतं. सासूच्या कमरेला चावी होती तेव्हाही मी इथे होते, आता दाराला नंबर लागलाय तरी इथेच आहे. पडेन तर इथे पडेन. तुला कळायला तीन दिवस लागले तर लागू देत."

बेगोन्याने डोळे पुसले. राग तिलाही आईकडूनच आला होता, फक्त त्याला शहरात वापर नव्हता.

"बरं," ती म्हणाली. "मग आमची नावं तरी कशाला अडकवून ठेवलीस इथे? माझा हात तुला चालत नाही ना? सोमवारी कचेरीत जाते. माझं आणि मुलांचं, तिन्ही नावं काढून नेते. तुझं गाव तुला लखलाभ."

हेच ओनोरिनाला म्हणायचं होतं. हात मोजले तेव्हापासून ते तिच्या जिभेवर होतं: जा, तुझं नाव घेऊन जा, पुन्हा या गावाची म्हणून तोंड दाखवू नकोस. पोरीने ते आयतं पुढे केलं होतं, फक्त हो म्हणायचं बाकी. पण बावन्नातून तीन गेले की एकोणपन्नास. एलादिओचं हृदय मंगळवारी तपासतात. निएवेसची साखर शुक्रवारी. तिचं स्वतःचं कंबरेचं हाड आहे. तिने ओठ इतके आवळले की हनुवटी थरथरायला लागली, आणि बेगोन्याला वाटलं आई आता रडणार, म्हणून ती एक पाऊल पुढे आली.

ओनोरिनाने हात आडवा धरला.

"नावं काढायची नाहीत," ती म्हणाली. "नावं गावाला लागतात. ती राहू देत. तू जा."